गालिचा उचलून पाहा

कामठीहून कन्हान नदीचा पूल ओलांडला की राष्ट्रीय महामार्ग 44 मनसरकडे निघतो. मनसरला एक फाटा रामटेक आणि खिंडसी तलावाकडे वळतो, तर मुख्य रस्ता देवलापारवरून पेंचच्या जंगलातून मध्य प्रदेशात खवाशाकडे जातो. दुसऱ्या अंगाला, नागपूरच्या दक्षिणेस शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग सुरू होतो. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 पासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत सलग खुला आहे. असे रस्ते दाराशी आले की निजायला पलंग, स्वयंपाकाला ओटा आणि स्वतःचा स्वच्छ संडास घेऊन फिरणारी गाडी हवीशी वाटणे साहजिक आहे. घरात म्हातारी माणसे किंवा लहान मुले असतील तर ती चैन कमी आणि सोय जास्त वाटते.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच वर्षी केरळने ‘केरवान केरळ’ सुरू केले. मध्य प्रदेश पर्यटन मंडळ तर त्याच्या आधीपासून ‘हॉलिडे ऑन व्हील्स’ नावाने अशी गाडी भाड्याने देत आले आहे. नवे मोटरहोम बांधून घ्यायचे तर खर्च मोठा आणि वाट पाहणे त्याहून मोठे. म्हणून नजर जुन्या गाडीकडे वळते. कामठी-नागपूरच्या माणसाला ती पाहायला बहुधा मुंबई-पुणे गाठावे लागते. एवढ्या लांब गेल्यावर आत मऊ सोफा, छताला निळे दिवे, भिंतीवर मोठा टीव्ही आणि पायाखाली गालिचा दिसला की माणूस अर्धा सौदा मनातच करून मोकळा होतो. पण गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तू हीच सजावट असते. सोफ्याचे कव्हर, दिवे, गालिचा हे सारे आठवडाभरात नवे होते. महाग ते गालिच्याखाली, भिंतीच्या फळीमागे आणि आरसीच्या कागदावर असते.

याचे कारण आपल्याकडच्या मोटरहोमच्या जन्मातच आहे. अमेरिकेतली विनेबागो कंपनी 1958 पासूनची. जर्मनीत वेस्टफालियाने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसणारी झोपण्या-स्वयंपाकाची पेटी 1951 मध्येच तयार केली होती. तिथे एकाच मॉडेलच्या हजारो गाड्या कारखान्यातून निघतात, त्यामुळे कोणत्या साली कोणता दोष होता हे जाणकारांना पाठ असते. ब्रिटनमध्ये तर गाडीच्या राहण्याच्या भागाची दरवर्षी वेगळी तपासणी करून घेण्याची पद्धत आहे. ओल, गॅस, वीज यांचा लेखी अहवाल मिळतो आणि जुनी गाडी विकताना तो दाखवला जातो. भारतात बहुतेक मोटरहोम म्हणजे फोर्स ट्रॅव्हलर, नाहीतर टाटा, आयशर, अशोक लेलँडच्या बसची चेसिस आणि त्यावर एखाद्या वर्कशॉपमध्ये हाताने केलेले घर. ट्रॅव्हलर ही गाडी 1987 पासून रस्त्यावर आहे, तेव्हा कंपनीचे नाव बजाज टेम्पो होते. तिचे इंजिन, गिअर, ब्रेक जाणणारा मिस्त्री कामठीतही सापडेल. पण आतले घर कोणी बांधले, वायर कोणत्या जाडीची टाकली, छताला भोक पाडून ते कशाने बुजवले, हे त्या एका वर्कशॉपलाच ठाऊक. एकाच महिन्यात, एकाच हाताने बनलेल्या दोन गाड्याही सारख्या नसतात. मर्सिडीजची व्ही-क्लास मार्को पोलो कारखान्यातूनच कॅम्पर म्हणून बनून येते. ती फेब्रुवारी 2020 मध्ये भारतात आली तेव्हा तिच्या दोन प्रकारांची किंमत 1.38 आणि 1.46 कोटी होती. तशी जुनी गाडी हाती लागली तर गोष्ट वेगळी. बाकी सर्व गाड्यांच्या बाबतीत मॉडेलच्या नावलौकिकावर विसंबता येत नाही, समोर उभी असलेली गाडीच तपासावी लागते.

सुरुवात कागदापासून करावी, आणि तीही गाडीत पाऊल टाकण्याआधी. आरसीवर ‘व्हेइकल क्लास’ या रकान्यात काय लिहिले आहे, हा पहिला प्रश्न. परिवहन विभागाच्या नोंदीत कॅम्पर व्हॅनसाठी खाजगी वापराचा वेगळा वर्ग आहे आणि भाड्याने चालवायच्या कॅम्परसाठी वेगळा. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानकही आहे. आता आरसीवर ‘बस’ लिहिले असेल, आसनसंख्या 17 असेल आणि आत मात्र एक पलंग, एक सोफा आणि न्हाणीघर असेल, तर ती गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम कडक शब्दांत उचलून धरले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवानगी बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही अशी तरतूद केली. दंडाहून मोठा धोका विम्याचा आहे. पॉलिसीत बसची नोंद आणि अपघात मोटरहोमचा, अशा वेळी दावा अडतो. विक्रेता म्हणेल, ‘आजवर कोणी अडवले नाही.’ ते खरेही असेल. पण अडवले जाईल तेव्हा आरसीवर नाव घेणाऱ्याचे असेल.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी, गाडीवर कोरलेल्या जागी पाहावेत. आरसीच्या झेरॉक्सवर समाधान मानू नये. अंकांभोवती घासल्याच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरावे. एमपरिवहन ॲपवर फिटनेस, विमा, पीयूसी दिसतात, थकलेली ई-चलानेही ऑनलाइन तपासता येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत गाडी चोरीची तर नाही ना, हेही पाहता येते. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 लागतो. कामठीच्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. खवासा जवळ असल्याने मध्य प्रदेश पासिंगची गाडी स्वस्तात दाखवली जाण्याची शक्यता इथे जास्त. तिला मूळ परिवहन कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म 28 हवा. महाराष्ट्रात कायम ठेवायची तर बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. स्वस्त वाटलेली किंमत या कराने कुठे जाते, त्याचा हिशेब सौद्याआधी करावा.

परदेशी मोटरहोम विकाऊ असल्याचे कोणी सांगितले तर दुप्पट सावध व्हावे. परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवे, असे आयातीचे नियम आहेत. परदेशी पर्यटक कार्ने नावाच्या सीमाशुल्क कागदावर आपली गाडी घेऊन येतात. ती मुदतीत देशाबाहेर न्यावीच लागते, शुल्क भरल्याशिवाय इथे विकता येत नाही. शिवाय अमेरिकी गाडीतली वीज 120 व्होल्टची असते. आपले 230 व्होल्ट तिला थेट दिले तर फ्रीजपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळे जळून जाईल.

कागद नीट निघाले की गाडी धर्मकाट्यावर न्यावी. ही तपासणी फारसे कोणी करत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर इथे इतका भर आहे. कामठीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत, कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे आहेत. ट्रकांचा हा मुलूख असल्याने धर्मकाटा शोधत फिरावे लागत नाही. डिझेलची टाकी भरलेली, पाण्याच्या टाक्या रिकाम्या, आत माणूस नाही, अशा स्थितीत गाडी काट्यावर घ्यावी. समजा, आरसीवर भारासह एकूण वजन 4,600 किलो लिहिले आहे आणि काट्यावर आकडा आला 4,250. म्हणजे हातात उरले 350 किलो. चार माणसांचे 280 किलो धरा. पाण्याची 100 लिटरची टाकी भरली की आणखी 100 किलो. झाले, गाडी 30 किलोने जास्त भरली. आणि अजून गॅस सिलिंडर, भांडी, अंथरुणे, कपड्यांच्या पेट्या, तांदूळ-डाळ चढायची आहे. अशी गाडी रोज मर्यादेबाहेरच धावत असते. तिचे पाटे बसतात, ब्रेक लांबवर लागतात, टायर गरम होऊन फुटतात.

काट्यावर असतानाच आधी फक्त पुढची चाके चढवून एक वजन घ्यावे, मग अख्खी गाडी चढवून दुसरे. वजाबाकीत मागच्या आसावरचा भार कळतो. जनरेटर, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर तिन्ही मागे ठेवण्याची खोड पुष्कळ बांधणाऱ्यांना असते. मग पुढचा भाग हलका होतो आणि वेगात स्टिअरिंग तरंगते. दोन्ही आकड्यांची पावती घ्यावी. सजावटीवर भाळलेल्या घेणाऱ्याला भानावर आणायला आणि विक्रेत्याशी भाव करायला तिच्यासारखा कागद नाही.

वजनाशी परवान्याचाही संबंध आहे. भारासह 7,500 किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनात मोडते. मोठ्या बसच्या चेसिसवरचे आलिशान मोटरहोम त्याच्या वर जाते आणि त्याला अवजड वाहनाचा परवाना लागतो. घरात तो कोणाकडेच नसेल तर प्रत्येक सहलीला चालक सोबत न्यावा लागेल आणि त्याच्या झोपण्याची सोयही गाडीतच करावी लागेल.

ओल हा मोटरहोमचा खरा वैरी. नागपूर परिसरात वर्षाला सुमारे 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. छतावर एसी, सोलर पॅनेल, हवेची खिडकी, अँटेना बसवताना जितकी भोके पाडली, तितक्या गळतीच्या जागा. उन्हात सीलंट वाळते, चिरते, आणि पाणी थेंब-थेंब आत उतरून प्लायवुड कुजवते. वरून लॅमिनेट मात्र चकचकीत राहते. म्हणून छताचे कोपरे, खिडकीखालची पट्टी, न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळची जमीन अंगठ्याने दाबून पाहावी; फळी दबली तर आतून गेली आहे. पलंगाखालचे आणि कपाटाचे तळ उघडून वास घ्यावा. अत्तर किंवा फ्रेशनरचा घमघमाट असेल तर तो कशावर मारला आहे, हे विचारावे. गालिचा कोपऱ्यातून उचलावा आणि त्याखालचे स्क्रू पाहावेत. फळी नवी पण स्क्रू गंजलेले असतील, तर पाणी आधी आले, फळी नंतर. मग नळीने छतावर पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडून आत बसावे. बाहेर रखरखीत ऊन असताना ही परीक्षा विक्रेत्याला विचित्र वाटेल, पण भर एप्रिलमध्येही ती टाळू नये. ताज्या सीलंटचा जाड थर दिसला तर तो कधी आणि का मारला, याचे उत्तर मागावे.

विजेच्या बाबतीत आकड्यांनी बोलावे. ‘एसी बॅटरीवर रात्रभर चालतो’ हे वाक्य जाहिरातीत छान वाटते. 12 व्होल्ट, 200 अँपिअर-तासाच्या बॅटरीत जास्तीत जास्त 2.4 युनिट वीज मावते. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालताना तासाला साधारण दीड युनिट खातो. म्हणजे दीड तासात खेळ खलास. छतावरचे 400 वॅटचे सोलर पॅनेल स्वच्छ उन्हाच्या अख्ख्या दिवसात जेमतेम दीड युनिट परत देते. 23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता; मे महिन्यात 44-45 अंश इथे नेहमीचेच. त्यामुळे एसीची परीक्षा सकाळच्या गारव्यात घेऊन उपयोग नाही. दुपारी तीन वाजता गाडी उन्हात उभी करावी, बाहेरची वीज काढून घ्यावी आणि एसी लावून तासभर आत बसावे. बहुतेक लिथियम बॅटऱ्या 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत, असे त्यांचे उत्पादकच सांगतात. बॅटरी पलंगाखालच्या बंद पेटीत कोंडली असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिचे आयुष्य कमीच.

वायरकडे तर टॉर्च लावून पाहावे. 12 व्होल्टवर दीड किलोवॅट ओढायचे तर तारेतून 125 अँपिअर वाहतात. बोटासारख्या जाड केबलशिवाय ते पेलत नाहीत. तासभर भार दिल्यावर केबल हाताला चटका देत असेल तर ती बारीक आहे. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. घरातल्यासारख्या पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या जोडण्या धावत्या गाडीच्या थरथरीने सैल होतात आणि ठिणगी पाडतात. बाहेरून 230 व्होल्ट घेणाऱ्या गाडीचा सांगाडा लोखंडाचा असतो, म्हणून वीज गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी हवाच. त्याचे टेस्ट बटण दाबून तो खटकन पडतो का, हे तिथेच पाहावे.

गॅस असेल तर सिलिंडरची पेटी राहत्या जागेपासून बंद आणि तळाला जाळी असलेली हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. जोडण्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, रबरी नळीवरची तारीख वाचावी.

आता इंजिन आणि जनरेटर. मुंबईच्या बाजारातल्या बऱ्याच जुन्या आलिशान गाड्या आधी व्हॅनिटी व्हॅन म्हणून राबलेल्या असू शकतात. 1990 च्या दशकात अभिनेत्री पूनम ढिल्लन यांनी व्हॅनिटी व्हॅनचा व्यवसाय सुरू केला, आणि पुढे चित्रीकरणाचे पानही अशा व्हॅनवाचून हलेनासे झाले. अशी गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. ओडोमीटर 40,000 किलोमीटर दाखवतो आणि घेणारा खूश होतो. पण सेटवर ती रोज आठ तास जनरेटर लावून उभी असेल आणि वर्षाचे दोनशे दिवस काम झाले असेल, तर जनरेटरचे वर्षाला 1,600 तास भरले. म्हणून किलोमीटर वाचण्याआधी जनरेटरचा तासांचा मीटर वाचावा आणि त्याची सर्व्हिसिंगची वही मागावी. निवडणुकीच्या प्रचारासाठी सजवलेल्या गाड्यांचे उलट असते. दोन महिने अहोरात्र पळवायच्या, मग वर्षानुवर्षे शेडमध्ये उभ्या. बीएस-6 डिझेल गाडी अशी उभी राहिली तर एक्झॉस्टसाठीचे युरिया द्रावणही बिघडते. 35 अंशांच्या तापमानात ते साधारण सहा महिनेच टिकते. ते बदलले का, हे विचारावे.

उभ्या गाडीचे टायर खोल खाचांचे आणि नवेकोरे दिसतात, म्हणून टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक वाचावेत. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर बदल, खाच कितीही शिल्लक असली तरी, असा सल्ला टायर कंपन्या देतात.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली, आणि 25 जणांचा होरपळून मृत्यू झाला. बस दाराच्या बाजूवर पडल्याने दार निकामी झाले होते. वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर आले. मोटरहोममध्ये बहुतेक वेळा दार एकच, खिडक्या छोट्या आणि बंद काचेच्या, शिवाय आत प्लायवुड, फोम, पडदे, गॅस आणि बॅटरी. पलंगावरून हात पोचेल अशी उघडणारी खिडकी आहे का? मागे किंवा छताला दुसरी वाट आहे का? काच फोडायचा हातोडा आणि अग्निशामक कुठे आहेत? आरसीवर जितकी आसने तितके सीटबेल्ट आहेत का? आडव्या सोफ्यावर बेल्टशिवाय बसवलेली मुले महामार्गावर सुरक्षित नसतात. दुसरी वाट नसेल तर ती परवानगीने काढून घेण्याचा खर्च किमतीतून वळता करावा, आणि काढता येणार नसेल तर सौदा सोडावा. दुसरे बरेच काही तडजोडीने चालवता येईल, सुटकेची वाट नाही.

चाचणीला गाडी चौकातून फिरवून आणणे पुरेसे नाही. पाण्याची टाकी भरून, घरातली चारही माणसे बसवून निदान शंभर-दीडशे किलोमीटर न्यावे. गाडी नागपूरकडची असेल तर कामठी, मनसर, खवासा आणि पुढे कुरईचा घाट, हा रस्ता त्यासाठी उत्तम. सपाटीवर वेग, चढावर इंजिनाचा दम, उतारावर ब्रेक, आणि कपाटांची दारे आपोआप उघडतात का, सगळे एका फेरीत कळते. निघण्याआधी एसी-पॅनेलसह गाडीची उंची टेपने मोजून चालकासमोर लिहून ठेवावी. रेल्वेच्या भुयारी पुलांच्या तोंडाशी लावलेले लोखंडी आडवे खांब छतावरच्या एसीला दयामाया दाखवत नाहीत.

सौदा ठरला तर इसार देताना पावतीवर चेसिस नंबर, आरसीचा वर्ग, जनरेटरचे तास आणि काट्यावरचे वजन लिहून घ्यावे. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच बैठकीत घ्याव्यात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते, घेणाऱ्याने 30 दिवसांत. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज 14 दिवसांत द्यावा आणि मोटरहोम म्हणून झालेले बदल पॉलिसीत नोंदवून घ्यावेत. घरच्यांना कितीही घाई असली तरी आरसी आणि विमा दोन्ही नावावर होईपर्यंत पहिल्या सहलीला निघू नये.